संत्र्याची तोड आणि ईमेलची यादी: एका लँडिंग पेजवरून सदस्य कसे जोडावेत

नागपूर जिल्ह्यातल्या काटोलजवळच्या आमच्या बगीच्यातला संत्रा पूर्वी झाडावर असतानाच व्यापाऱ्याला एकरकमी विकला जात असे आणि सौदा न जमल्यास गाडी भरून नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात न्यावा लागत असे. काही हंगामांपूर्वी आम्ही त्यातला थोडा माल पेट्यांमध्ये भरून थेट ग्राहकांच्या घरी पाठवू लागलो, तेव्हा फळ विकण्यापेक्षा फळ तयार झाल्याची बातमी योग्य माणसांपर्यंत वेळेत पोहोचवणे अधिक कठीण असते, हे ध्यानात आले. संत्र्याला फुलोऱ्याचे दोन हंगाम, म्हणजे बहर, असतात: आंबिया आणि मृग. आंबिया बहराची तोड साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहराची फेब्रुवारी ते एप्रिल अशी चालते. मधल्या महिन्यांत ग्राहक आपल्याला विसरतो, आणि तोड सुरू झाली की त्याला शोधत बसायला घरात कोणालाच सवड नसते. या अडचणीवर ईमेलची यादी आणि ती वाढवणारे एक साधे लँडिंग पेज हा उपाय मला लागू पडला. तो शिकताना झालेल्या चुका तुम्हाला टाळता याव्यात, म्हणून ही पद्धत क्रमाने लिहीत आहे. तुमचा व्यवसाय सावजी मसाल्यांचा असो, पेंचजवळच्या होमस्टेचा असो किंवा शिकवणी वर्गाचा असो, पायऱ्या त्याच राहतात.

व्हॉट्सअ‍ॅप असताना ईमेल कशाला, हा प्रश्न सर्वांत आधी माझ्या सासऱ्यांनी विचारला होता आणि तो रास्त होता. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा असते. शिवाय ज्याने तुमचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला नाही, त्याला तो संदेश पोहोचतच नाही. पुण्यातल्या ग्राहकाने वर्षातून दोन पेट्या घेण्यासाठी आमचा क्रमांक जपून ठेवावा, ही अपेक्षा फार झाली. इन्स्टाग्रामवर आपले लिखाण कोणाला दिसावे हे तेथील यंत्रणा ठरवते. ईमेलची यादी मात्र आपल्याला उतरवून ठेवता येते आणि सेवा बदलली तरी सोबत नेता येते. रोजचे बोलणे आम्ही आजही व्हॉट्सअ‍ॅपवरच करतो, ईमेल फक्त हंगामाच्या बातमीसाठी आहे.

लँडिंग पेज म्हणजे एकाच कामासाठी बनवलेले पान. संकेतस्थळाच्या मुख्य पानावर मेनू, बगीच्याचा इतिहास, छायाचित्रे, संपर्क असे दहा दरवाजे असतात. लँडिंग पेजला दोनच असतात: फॉर्म भरणे किंवा निघून जाणे.

सुरू करण्यापूर्वी जवळ काय असावे

- स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे आपले नाव, आणि त्याच्या डीएनएस व्यवस्थेत, म्हणजे त्या नावाच्या तांत्रिक नोंदी जेथे असतात तेथे, शिरण्याचा पासवर्ड. डोमेन दुसऱ्याने घेऊन दिले असेल, तर हा पासवर्ड आजच मागून घ्यावा.
- ईमेल पाठवणाऱ्या एखाद्या सेवेचे खाते. मेलचिंप, ब्रेव्हो, मेलरलाइट, किट यांसारख्या बहुतेक सेवांमध्ये लँडिंग पेज बनवण्याची सोय आतच असते, त्यामुळे सुरुवातीला वेगळे संकेतस्थळ लागत नाही. त्यांच्या मोफत योजनांच्या मर्यादा वारंवार बदलतात, म्हणून त्या थेट त्यांच्याच पानावर तपासाव्यात.
- ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेले बँकेचे कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील निर्देशांनंतर नवी कार्डे केवळ देशातील एटीएम आणि दुकानांतील वापरासाठी सुरू होऊन येतात, आणि पैसे भरताना व्यवहार का फसला हे पडद्यावर कोणीही समजावून सांगत नाही.
- स्वतः काढलेली तीन-चार छायाचित्रे.
- टपालाचा पत्ता. याबद्दल पुढे लिहिले आहे, कारण येथे बहुतेक नवखे फसतात.

१. पानाआधी वचन लिहा

कोणीही ‘आमचे वार्तापत्र मिळवा’ या वाक्यासाठी आपला ईमेल पत्ता देत नाही. माझ्या पहिल्या पानावर नेमके हेच वाक्य होते आणि पहिल्या महिन्यात नोंद झालेल्या अकरा जणांपैकी सात नातेवाईक होते. पत्ता देणारा माणूस मनात एक साधा व्यवहार करत असतो: मला काय मिळेल, केव्हा मिळेल आणि त्याबदल्यात मला किती त्रास होईल. या तिन्ही गोष्टींचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे. आमचे वाक्य बऱ्याच खाडाखोडीनंतर असे झाले: ‘काटोलच्या बगीच्यात तोड सुरू होण्याच्या आठ दिवस आधी तुम्हाला कळवू, वर्षभरात आठपेक्षा जास्त ईमेल येणार नाहीत.’

मोफत पुस्तिका द्यावी, असा सल्ला सर्वत्र मिळतो. तो चुकीचा नाही, पण पुस्तिकेसाठी आलेला माणूस पुस्तिका घेऊन जातो आणि पुन्हा फिरकत नाही, असा माझा अनुभव आहे. तुमच्या धंद्यात वेळेला किंमत असेल, म्हणजे माल मोजकाच असेल, जागा मर्यादित असतील किंवा प्रवेश ठरावीक तारखेला सुरू होत असतील, तर वेळेवर मिळणारी बातमी हेच सर्वांत चांगले आमिष ठरते. मसाले विकणाऱ्यांना हे लागू पडणार नाही. त्यांनी सावजी रस्स्याची मोजमापासह कृती द्यावी, ती लोक खरोखर जपून ठेवतात.

हे वचन कागदावर लिहून, तुमच्या धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचून दाखवा. ती ‘म्हणजे नेमके काय?’ असे विचारत असेल, तर पान बनवण्याची वेळ अजून आलेली नाही.

२. पाठवण्याचा पत्ता आणि तीन नोंदी

हा भाग रुक्ष आहे, पण तो टाळल्यास बाकीचे सर्व श्रम वाया जातात. एखाद्या सेवेमार्फत शेकडो ईमेल पाठवताना पाठवणाऱ्याच्या जागी जीमेलचा मोफत पत्ता घालू नये. तो ईमेल जीमेलच्या यंत्रणेतून निघालेला नसतो, त्यामुळे स्वीकारणारी यंत्रणा त्याकडे तोतयाचे पत्र म्हणून पाहते. पत्ता स्वतःच्या डोमेनचा हवा आणि त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी हव्यात. या डोमेनच्या वतीने कोणत्या यंत्रणेने ईमेल पाठवावा, हे एसपीएफ सांगते. डीकेआयएम प्रत्येक ईमेलवर एक सांकेतिक सही करते. या तपासणीत ईमेल नापास झाला तर त्याचे काय करावे, हे डीमार्क सांगते. नोंदींचा मजकूर सेवा स्वतःच तयार करून देते. तो आपण डोमेनच्या खात्यात चिकटवायचा असतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी याबाबतचे नियम कडक केले आहेत. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा त्याहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी आणि एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय बंधनकारक झाली. आपण त्या आकड्याच्या जवळपासही नसतो, तरीही नोंदी पहिल्याच दिवशी कराव्यात, कारण लहान पाठवणाऱ्याचे ईमेलही त्या नोंदींवरूनच पारखले जातात.

येथे एक सापळा आहे. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. कार्यालयीन ईमेलसाठी आधीच एक नोंद असताना नव्या सेवेसाठी दुसरी केली, तर दोन्ही निरुपयोगी ठरतात. जुन्याच नोंदीत नव्या सेवेचा उल्लेख वाढवावा लागतो. डोमेन घेताना .भारत हा देवनागरी पर्यायही दिसेल. तो मला भावतो, परंतु अनेक ठिकाणचे फॉर्म देवनागरी ईमेल पत्ता आजही स्वीकारत नाहीत, म्हणून पाठवण्याच्या पत्त्यासाठी .इन किंवा .कॉम हेच सोयीचे.

आता टपालाच्या पत्त्याविषयी. या सेवांपैकी अनेक अमेरिकी कायद्याला धरून चालतात, आणि २००३ च्या तेथील कायद्यानुसार व्यावसायिक ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचा टपाल पत्ता असावा लागतो. खाते उघडताना आपण सहज घरचा पत्ता भरतो आणि तो पुढे प्रत्येक ईमेलच्या तळाशी छापला जातो. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या घराच्या दारात एका रविवारी सकाळी अनोळखी गृहस्थ ‘संत्री येथेच मिळतात ना?’ म्हणून उभे राहिले, तेव्हा मला हा नियम समजला. दुकानाचा किंवा गोदामाचा पत्ता द्यावा. तो नसल्यास टपाल खात्याच्या भाड्याने मिळणाऱ्या पोस्ट बॉक्सची चौकशी जवळच्या टपाल कार्यालयात करावी.

३. पानावरचा मजकूर

सर्वांत वर मथळा, म्हणजे तुमचे वचन. त्याखाली एक छायाचित्र, दोन-तीन वाक्ये, फॉर्म आणि बटण. मोबाइलवर बोट न सरकवता किमान मथळा आणि बटण दिसले पाहिजे. मेनू, इन्स्टाग्रामची चिन्हे, दुसऱ्या पानांच्या लिंका काढून टाकाव्यात. हे करताना जीव तुटतो, हे मला मान्य आहे.

फॉर्मखाली विश्वास बसेल असा थोडा मजकूर हवा. ‘उत्कृष्ट दर्जा’ या शब्दांनी विश्वास बसत नाही, तो तपशिलाने बसतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी इतर शहरांत किन्नू हे संत्र्यासारखे दिसणारे वेगळे फळही नागपुरी म्हणून विकले जाते. आम्ही पानावर दोन फळे शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र लावले आणि एवढेच लिहिले की नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि हाताने सहज सुटते, तर किन्नूची साल पातळ व घट्ट असते आणि आत बिया पुष्कळ असतात. या दोन ओळींनंतर लोक आम्हाला प्रश्न विचारू लागले, आणि प्रश्न विचारणारा माणूस बहुधा पत्ताही देतो.

बटणावर ‘सबमिट’ लिहू नये. वाचणारा स्वतःच्या तोंडाने जे म्हणेल, ते लिहावे. आमच्या बटणावर ‘तोड सुरू होण्याआधी मला कळवा’ असे आहे.

मराठी मजकुराच्या काही खास अडचणी आहेत, ज्या इंग्रजी मार्गदर्शनात सापडणार नाहीत. पत्रके छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडून मजकूर घेतलात, तर तो बहुधा कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो आणि पानावर चिकटवताच अनोळखी चिन्हांची खिचडी होते. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व फोनवर सारख्याच वाचता येणाऱ्या पद्धतीत, टंकलेला हवा. तयार साच्यांमध्ये मथळ्याच्या अक्षरांतील अंतर वाढवलेले असते. इंग्रजीत ते देखणे दिसते, परंतु देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते, म्हणून ते अंतर शून्य करावे. ओळींमधील अंतर मात्र इंग्रजीपेक्षा थोडे अधिक ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. फॉन्ट म्हणून ‘मुक्त’ (Mukta) या नावाचा किंवा नोटो सान्स देवनागरी पुरेसे आहेत आणि दोन्ही मोफत मिळतात.

पान जड होऊ देऊ नये. मोबाइलने काढलेले छायाचित्र चार-पाच एमबीचे असते. ते लहान करून दोनशे केबीच्या आत आणावे. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात पानाचा पत्ता घातला की वेग समजतो. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा तेथील निकष आहे. आकड्यांवर न थांबता एखादा जुना, स्वस्त फोन घेऊन, वायफाय बंद करून ते पान उघडून पाहावे. आमचे पान धरमपेठेत झटकन उघडत होते. काटोलच्या बगीच्यात उभे राहिल्यावर ते किती रखडते, हे कळले.

४. फॉर्म आणि संमती

मी सुरुवातीला सहा रकाने ठेवले होते: नाव, ईमेल, मोबाइल, शहर, पिन कोड आणि दरवर्षी किती पेट्या घेता. आज दोनच आहेत, नाव आणि ईमेल. पिन कोड आम्ही पहिल्या ईमेलमध्ये विचारतो, कारण तोवर ओळख झालेली असते.

कमी रकाने ठेवण्यामागे कायद्याचेही कारण आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यांचा गाभा असा, की संमती मोकळेपणाने, विशिष्ट कामासाठी आणि स्वतःच्या कृतीने दिलेली असावी, त्या कामाला आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी, आणि संमती देणे जितके सोपे असते तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. आधीच खूण केलेली चौकट ठेवू नये. खूण वाचणाऱ्याने स्वतः करावी. संमती मागताना द्यायची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये वाचता येण्याची सोय या कायद्यात आहे आणि त्या भाषांत मराठी आहे, तेव्हा इंग्रजी मसुदा जसाच्या तसा उचलण्याऐवजी चार सरळ मराठी वाक्ये लिहावीत: कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, कोणाच्या यंत्रणेत ठेवतो आणि ती पुसून हवी असल्यास कोणाला कळवावे. शिकवणी वर्ग चालवणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी, कारण १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. फॉर्म पालकांनीच भरावा, असे पानावर स्पष्ट लिहिलेले बरे.

५. पुष्टीचा ईमेल

फॉर्म भरल्यावर लगेच एक ईमेल जातो आणि त्यातील लिंक दाबल्यावरच नाव यादीत चढते, अशी दुहेरी पुष्टीची व्यवस्था बहुतेक सेवांमध्ये असते. ती चालू ठेवावी. काही माणसे या पायरीवर गळतात, हे खरे. पण चुकीचे टंकलेले आणि दुसऱ्याचे असून स्वतःचे म्हणून दिलेले पत्तेही येथेच गळतात.

ही पायरी वगळून मी एकदा चांगलीच अडचणीत आले होते. एका प्रदर्शनातील आमच्या स्टॉलवर सोडतीसाठी एक वही ठेवली होती आणि तिच्यात सुमारे चारशे जणांनी ईमेल पत्ते लिहिले होते. दोन रात्री जागून मी ते सर्व टंकले आणि थेट यादीत घातले. कित्येक पत्ते अक्षर न लागल्यामुळे चुकीचे निघाले, आणि उरलेल्यांपैकी अनेकांनी आपण कधी नाव दिले होते हे न आठवल्यामुळे ईमेलवर ‘स्पॅम’ची खूण केली. गूगल हे तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा कमी ठेवण्यास सांगते आणि ०.३ टक्क्यापर्यंत ते कधीही जाऊ देऊ नका, असे बजावते. म्हणजे हजार ईमेलमागे तीन तक्रारीही जास्त झाल्या. आम्ही वापरत असलेल्या सेवेने खाते दोन आठवडे गोठवले, तेही ऐन तोडीत. सोडतीसाठी दिलेला पत्ता हा सोडतीपुरताच असतो. विकत मिळणाऱ्या याद्यांबद्दल तर वेगळे सांगायला नको.

पुष्टीच्या ईमेलचा तयार मजकूर इंग्रजीत असतो, तो मराठीत करावा; मराठी पानावरून आलेल्या माणसाला अचानक इंग्रजी ईमेल दिसला की तो फसवणूक समजतो. फॉर्म भरल्यानंतर दिसणाऱ्या आभाराच्या पानावर ‘ईमेल दिसला नाही तर प्रमोशन्स आणि स्पॅम या विभागांत पाहा’ असे लिहावे.

६. पहिला ईमेल

पुष्टी होताच आपोआप जाणारा ईमेल तयार ठेवावा. त्यात वचनाची आठवण, पुढचा ईमेल साधारण केव्हा येईल ते, आणि उत्तर देता येईल असा एक सोपा प्रश्न असावा. आम्ही ‘संत्री कोणत्या गावी हवी आहेत, पिन कोड कळवाल का?’ असे विचारतो. आलेल्या उत्तरांमुळे गाडी कोणत्या शहराकडे पाठवणे परवडेल हे ठरवता येते. शिवाय ज्याच्याशी पत्रव्यवहार झाला आहे, त्याच्या इनबॉक्समध्ये पुढचे ईमेल पोहोचण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘उत्तर देऊ नका’ छापाच्या पत्त्यावरून ईमेल कधीही पाठवू नये.

७. माणसे पानापर्यंत आणणे

पान आपोआप कोणाला सापडत नाही. आमच्याकडे सर्वांत जास्त आणि सर्वांत टिकाऊ सदस्य पेटीतल्या चिठ्ठीतून आले: क्यूआर कोड, खाली वचनाचे एक वाक्य, बस. फळ हातात असताना दिलेले आमंत्रण लोक स्वीकारतात. त्याखालोखाल व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवरून आणि सोसायट्यांच्या गटांवर ओळखीच्यांनी टाकलेल्या लिंकवरून येतात. पैसे देऊन केलेली जाहिरात आम्ही एकदाच करून पाहिली. नावे भराभर आली आणि त्यांतले फार थोडे गिऱ्हाईक झाले.

प्रत्येक मार्गासाठी लिंकच्या शेवटी वेगळी खूण जोडावी, म्हणजे चिठ्ठीवरून किती आले आणि स्टेटसवरून किती, हे वेगळे दिसते. क्यूआर कोड छापण्यापूर्वी तो दोन-तीन फोनवर वापरून पाहावा, आणि तो स्वतःच्या डोमेनच्या पत्त्याचाच असावा. कोड बनवून देणाऱ्या काही मोफत साधनांचा कोड आधी त्यांच्या पत्त्यावर जातो, आणि मुदत संपली की छापलेल्या सर्व चिठ्ठ्या मुक्या होतात.

८. आकडे वाचणे

एकच आकडा रोज पाहण्यासारखा आहे: पानावर आलेल्यांपैकी किती जणांनी पुष्टी पूर्ण केली. समजा २०० जण आले आणि १४ जण यादीत चढले, तर प्रमाण ७ टक्के झाले. ईमेल उघडणाऱ्यांच्या टक्केवारीवर फार विसंबू नये, कारण सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये आलेली गोपनीयतेची सोय ईमेलमधील चित्रे परस्पर आधीच उतरवून घेते आणि न वाचलेला ईमेलही उघडल्यासारखा मोजला जातो. उत्तरे आणि लिंकवरील क्लिक अधिक विश्वासार्ह असतात.

दोन मथळे एकाच वेळी चालवून तुलना करण्याचा मोह सर्वांनाच होतो. ५ टक्के आणि ७ टक्के यांतला फरक खरा आहे की योगायोग, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगण्यासाठी प्रत्येक पानाला दोन हजारांहून अधिक भेटी लागतात. महिन्याला तीनशे भेटी असलेल्या पानावर अशी तुलना म्हणजे नाणे उडवण्याचाच प्रकार आहे. त्यापेक्षा पाच ओळखीच्यांना पान दाखवून ते कोठे अडखळतात हे शेजारी बसून पाहावे.

९. यादीची निगा

हंगाम संपल्यावर कित्येक महिने गप्प राहून एकदम ‘पेट्या तयार’ असा ईमेल पाठवला, तर लोकांना तुम्ही कोण हेच आठवत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहराची फुले येतात, उन्हाळ्याच्या तोंडावर कधी गारपीट होते, पावसाळ्यात फळगळ लागते. या प्रत्येक वेळी पाच-सहा ओळी आणि एक छायाचित्र पाठवतो. गारपिटीनंतर यंदा माल कमी असेल असे सरळ लिहिले, तेव्हा आतापर्यंतची सर्वांत जास्त उत्तरे आली.

वर्षभरात एकही क्लिक किंवा उत्तर नसलेल्यांना ‘यादीत राहायचे आहे का?’ असे एकदा विचारावे आणि प्रतिसाद न आल्यास नाव काढावे. बाहेर पडणाऱ्याला कारण विचारत अडवू नये.

दर महिन्याला संपूर्ण यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्यात, उतरवून स्वतःकडे ठेवावी. ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली तर देवनागरी नावे ओळखू न येणारी होतात. अशा वेळी घाबरून यादी पुन्हा टंकू नये. एक्सेलच्या डेटा विभागातून फाइल आयात करून तिची लिपी-पद्धत यूटीएफ-८ निवडली की नावे पूर्ववत दिसतात. बिघडलेल्या रूपात ती फाइल जतन मात्र करू नये, कारण त्यानंतर मूळ अक्षरे परत आणणे जवळपास अशक्य होते.